आधी आई बघायला या

येत्या रविवारी पिल्लू घ्यायला निघालेल्या तमाम हौशी मंडळींस,



पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी सकाळी माझ्या फोनवर चौदा निरोप होते. त्यातले अकरा जवळजवळ सारखे : ‘लॅब आहे का? प्राइस?’ एकाने तर ‘प्राइस’ लिहायचेही कष्ट घेतले नव्हते, नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. दोघांनी ‘मेल पाहिजे, फॉन कलर, हेवी बोन’ अशी किराण्याच्या यादीसारखी ऑर्डर पाठवली होती. उरलेला एक माझ्या भाचीचा, तो सोडून देऊ. नमस्कार-चमत्कार कुणी केला नव्हता, तेही सोडून देऊ. पण तेरांपैकी एकानेही ‘पिल्लांची आई कशी आहे?’ असं विचारलं नव्हतं. ते मात्र सोडवत नाही.

माझी ओळख थोडक्यात. मी साताऱ्याजवळच्या एका गावात राहते. बँकेच्या कर्जविभागात बावीस वर्षं काढली आणि वेळेआधीच निवृत्ती घेतली. घरात लॅब्राडोर आहेत. वर्षाला एखादं वेत होतं, कधी तेही नाही. गावात मला ‘कुत्रेवाल्या मॅडम’ म्हणतात आणि त्यात निम्मा आदर, निम्मी चेष्टा असते. पिल्लांचे मी पैसे घेते, चांगले घेते. समाजसेवा करते असा माझा दावा नाही. तेव्हा हे पत्र कुणा साध्वीचं नाही, विक्रेतीचं आहे, असं समजूनच वाचावं.

पहिली तक्रार सांगून झालीच आहे, आता ती जरा उलगडते. आपल्याकडे मुलीला स्थळ आलं की मुलाच्या आत्याच्या दिराला दम्याचा त्रास होता का, इथपर्यंत चौकशी होते. भाड्याने खोली घेताना वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आपण बघतो. आणि जो जीव पुढची दहा-बारा वर्षं आपल्या घरात, आपल्या पोरांच्या अंगाखांद्यावर राहायचा, त्याची चौकशी रंग, किंमत आणि पंजाची जाडी एवढ्यावर आटोपते. ‘खाण तशी माती’ म्हणणारी आपण माणसं. खाण न बघता मातीचा भाव कसा करता?

आई बघायची म्हणजे काय बघायचं, तेही सांगते. तुम्ही दारात आलात की ती कशी वागते ते बघा. थोडी भुंकेल, पिल्लं लहान असली तर जरा सावध राहील, हे ठीक. पण ती कोपऱ्यात अंग चोरून बसली, लघवी सोडली, किंवा दात दाखवत अंगावर आली, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी चपला घाला आणि घरी जा. भित्रेपणा रक्तातूनही उतरतो आणि आईच्या शेजारी झोपून झोपूनही उतरतो. ती कुठे राहते ते बघा. पिल्लं घरातली भांडी, मिक्सर, कुकरची शिट्टी ऐकत वाढताहेत, की मागे पत्र्याच्या शेडमध्ये? तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. या दिवसांत ज्या गोष्टी त्याने पाहिल्या-ऐकल्या, त्यांना ते पुढे सहसा घाबरत नाही. शेडमध्ये वाढलेल्या पिल्लाला तुमचा हॉल म्हणजे परग्रह वाटतो.

आणि आई दाखवतच नसतील तर? ‘फार्मवर आहे’, ‘गावाला आहे’, ‘भावाकडे आहे’ ही तीन उत्तरं मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली आहेत की या सगळ्या आया कुठेतरी एकत्र राहत असाव्यात असं मला वाटायला लागलंय.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मला स्वतःचाच कान धरायचा आहे.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. लॅब्राडोरचे मागचे पाय पाळण्यात दिसत नाहीत. या जातीत, जर्मन शेफर्डमध्ये आणि आणखी बऱ्याच मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा एक दोष असतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, हलत राहतो आणि सांधा झिजतो. डॉक्टर त्याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. आठ आठवड्यांचं पिल्लू अंगणात गोल गोल पळत असतं तेव्हा यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. सहा-आठ महिन्यांनी, कधी दीड वर्षाने, कधी त्याहून उशिरा कळतं. दोष वंशातून येतो आणि तो एका जनुकाचा खेळ नाही. वाढत्या वयात पिल्लाला चारून गुबगुबीत केलं तर त्यात आणखी भर पडते. म्हणून जोडी लावण्याआधी नर आणि मादी, दोघांचेही खुब्याचे एक्स-रे काढायचे, तेही वाढ पूर्ण झाल्यावर. पिल्लाच्या खुब्यांबाबत आधी तपासून घेण्यासारखी तेवढीच एक गोष्ट असते.

मी पहिलं वेत घेतलं तेव्हा एक्स-रे काढले नव्हते. आई देखणी, शांत. नराच्या मालकाकडे शोमधले कप मांडलेले. आणखी काय बघायचं, असं वाटलं. त्या वेतातली एक मादी मी एका शिक्षक जोडप्याला दिली. चौदाव्या महिन्यात त्यांचा फोन आला, ‘मॅडम, जरा येऊन बघता का?’ मी गेले. ती दिवाणाखाली बसली होती. मला पाहून शेपटी जमिनीवर आपटायला लागली आणि उठायला निघाली. पुढचे दोन पाय रोवून तिने सगळं अंग ओढून वर घेतलं, मग क्षणभर थांबली आणि सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम टाकत माझ्याकडे आली. ओळखलं होतं तिने. त्या ताईंनी मला चहा केला. एका शब्दाने बोलल्या नाहीत. तो चहा मी कसा संपवला ते मलाच माहीत.

त्यानंतर माझ्याकडे एक्स-रेशिवाय जोडी लागलेली नाही. लॅब्राडोरमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार असतो, त्याचीही रक्ततपासणी मी करून घेते. आईबाप दोघेही दोष वाहणारे निघाले तर दर चार पिल्लांत एक आंधळं होण्याची शक्यता असते आणि आईबाप स्वतः मात्र ठणठणीत दिसतात. हे सगळे कागद मी टेबलावर मांडते. आणि काय होतं सांगू? समोरचे गृहस्थ कागदांना हातही न लावता विचारतात, ‘म्हणजे गॅरंटी ना?’ मी खरं सांगते : नाही. चांगल्या खुब्याच्या आईबापांच्या पोटी वाईट खुब्याचं पिल्लू येऊ शकतं, फक्त शक्यता बरीच कमी होते. हे ऐकून ते उठतात आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्याकडे जातात. त्याच्याकडे एक्स-रे नसतोच, त्यामुळे गॅरंटी द्यायला त्याचं काय जातं?

‘केसीआय पेपर्स आहेत का’ असं विचारणारे जरा जाणकार समजले जातात. चांगली गोष्ट आहे, जरूर विचारा. पण तो कागद काय सांगतो ते समजून घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर पिल्लाच्या पूर्वजांची नावं आणि मायक्रोचिपचा नंबर असतो. हा वंशाचा दाखला झाला, आरोग्याचा नव्हे. जातीच्या दाखल्यावरून कुणाचा रक्तदाब कळतो का? आणि ‘पेपर नकोत, पाच हजार कमी करा’ म्हणणाऱ्यांना तर मी हल्ली फक्त पाणी देते आणि निरोप देते.

तिसरी गोष्ट वयाची. ‘पंचेचाळीस दिवसांचं द्या, लहान असलं की लळा लागतो.’ एकाने तीस दिवसांचं मागितलं होतं. अहो, तिसाव्या दिवशी त्याचं आईचं दूधही पुरतं तुटलेलं नसतं! चौथ्या ते आठव्या आठवड्यात ते भावंडांशी मस्ती करताना जोरात चावतं, तेव्हा समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतो. आई एक फटका देते. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे त्याला तिथे कळतं. ते शिकायच्या आत तुम्ही त्याला उचलून आणता आणि तीन महिन्यांनी मला फोन करता की पोराच्या हातावर ओरखडेच ओरखडे आहेत.

शिवाय आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकणं बेकायदाही आहे. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केंद्र सरकारने २०१७ साली काढले, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, हे त्यात आहे. मी केली आहे, प्रमाणपत्र दारातच लावलंय. इतक्या वर्षांत ते दोघांनी वाचलं. त्यातला एक पोस्टमन.

लसीबद्दलही थोडं. ‘फुल व्हॅक्सिनेशन झालंय’ असं दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय किंवा त्याला काही कळत नाही. पहिला डोस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, निदान सोळावा आठवडा होईपर्यंत. इतके डोस कशाला? कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला वाचवतेही आणि लसीला आडवीही येते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं.

हे पुस्तकी वाटत असेल तर मागच्या पावसाळ्यातली गोष्ट ऐका. एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, सकाळी आठला घर बंद, संध्याकाळी सातला उघडणार. नऊ वर्षांची मुलगी, तिचा हट्ट. मी म्हटलं, आता नको, घरात दिवसा कुणी असेल अशी सोय करा आणि पुढच्या वेताला या. वडिलांना राग आला. ‘पैसे देतोय ना?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हो, पण पिल्लाला दुपारी एक वाजता पैसे खायला घालता येत नाहीत.’ हे बोलायला नको होतं, मान्य आहे. ते गेले आणि त्याच रविवारी हायवेलगत एका एजंटाकडून पिल्लू घेऊन आले, बिस्किटांच्या खोक्यातून.

गुरुवारी रात्री पावणेबाराला त्यांचाच फोन. पिल्लू उलट्या करतंय, जुलाबात रक्त आहे, घाण वास येतोय. वास म्हटल्याबरोबर मला कळलं. पार्वो. विषाणू आत गेल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत हा आजार दिसतो, म्हणजे खोक्यात बसायच्या सुमारासच तो त्याला चिकटला होता. सकाळी मी दवाखान्यात गेले. पुढच्या पायाला सुई टोचलेली, पाय माझ्या अंगठ्याएवढा. मुलगी शाळेच्या गणवेशातच होती. सलाइनची बाटली स्टँडला टांगलेली असूनही तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. शनिवारी पिल्लू गेलं.

आणि रविवारी वडील माझ्या दारात. ‘मॅडम, आता तुमच्याकडचंच द्या, म्हणाल ती किंमत.’ आवाज उतरला होता, मला वाईट वाटलं. तरी नाही म्हणावं लागलं. तो विषाणू घरात, फरशीच्या सांध्यात, पायपुसण्यात महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीचने सगळं घर धुऊन काढा, काही महिने थांबा आणि नंतरही सगळे डोस झालेलं कुत्रंच आणा, असं सांगून त्यांना परत पाठवलं. ती मुलगी स्कूटरवर मागे बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

यात चूक कुणाची हे मी ठरवत नाही. पण तो एजंट कशावर जगतो ते मला माहीत आहे. ‘आजच पाहिजे’ या दोन शब्दांवर.

रंगांचं पटकन उरकते. लॅब्राडोर तीन रंगांत येतो : काळा, पिवळा, चॉकलेटी. पिवळ्याला बाजारात फॉन म्हणतात. ‘सिल्व्हर लॅब, रेअर, डबल किंमत’ ही धूळफेक आहे, जातीच्या मानकात तो रंग नाही. ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’ वगैरेही तसंच. हाडं काही दोन दोन नसतात.

‘मेलच पाहिजे’ यामागचं कारण मी विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. मादी माजावर आली की कटकट. वेळेवर नसबंदी करा, कटकट संपली. पण याच घरांतून दोन वर्षांनी उलटा फोन येतो : ‘आमच्या राजाला एखादी मादी बघा ना, त्याला एकदा तरी...’ नाही. त्याला काहीही वाटत नसतं, वाटतं ते तुम्हाला. आणि मादीला आयुष्यात एकदा व्यायलाच पाहिजे, नाहीतर आजारी पडते, हा समज कुणी पसरवला देव जाणे. तसं काही नसतं. माझ्या करारात लिहिलेलं असतं की तपासण्या केल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय जोडी लावायची नाही. करार म्हटलं की लोक हसतात. सही मात्र करतात.

आता तुमची माझ्यावरची तक्रार. ‘ही बाई विकणारी असून आमचीच उलटतपासणी घेते.’ घेते. कर्जविभागात शिकलेली गोष्ट आहे : उत्साहाने येणाऱ्या माणसाचे कागद दोनदा बघावेत. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाला माहीत आहे का, घरातल्या सगळ्यांना कुत्रं हवंय की एकालाच, सुट्टीत गावी गेलात तर ते कुठे राहील, हे मी विचारते. म्हाताऱ्या आईंना मी बाजूला घेऊन वेगळं विचारते, कारण दुपारी त्याच सांभाळणार असतात आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. एका आजींनी माझ्या कानात सांगितलं, ‘बाई, नाही म्हणा.’ म्हटलं. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, आजी संक्रांतीला तिळगूळ पाठवतात.

आणि जेवणाबद्दल एक दम भरून ठेवते. लॅब्राडोर कधीच भरलेल्या पोटाने तुमच्याकडे बघत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की या जातीतल्या जवळपास चौथाई कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गायब असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागतच नाही. तेव्हा त्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पोळीचा तुकडा देणाऱ्या आजोबांवर तर अजिबात नको.

मी हे लिहितेय तेव्हा टेबलाखाली माझ्या पायावर सदतीस किलोंचं डोकं-धड पसरून एक जण झोपलाय. माझ्याच वेतातला. अडीच वर्षांचा असताना परत आला, कारण घरच्यांची बदली बंगळुरूला झाली आणि नव्या सोसायटीत जमेना. त्यांनी फोन करायला आठ दिवस लावले, मला तोंड कसं दाखवायचं म्हणून. अहो, त्यासाठीच तर नंबर दिला होता! माझ्याकडून गेलेलं कुत्रं कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने, आजारी असलं तरी माझ्याकडे परत येऊ शकतं. ज्याच्याकडून पिल्लू घेताय त्याला हे एकच विचारा : ‘पाच वर्षांनी आम्हाला नाही जमलं तर तुम्ही परत घ्याल?’ तो उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघा.

सोलापूरच्या उन्हात हस्की आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये करवानी पाळणाऱ्यांसाठी वेगळं पत्र लिहावं लागेल. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचं कौतुक केलं, त्यानंतर माझ्याकडेही मुधोळ आणि करवानीची विचारणा सुरू झाली. जाती आपल्या आहेत, अभिमान असावा. पण ते उघड्या माळावर सशामागे पळायला घडलेलं जनावर आहे. आधी पळायला माळ दाखवा. आणि नुसती सोबत हवी असेल, जात कुठलीही चालत असेल, तर माझ्या दारात कशाला येता? गल्लीच्या टोकाला बघा. माझ्या घरची राखण आजही एक गावठी करते. लॅब्राडोर चोराला बूट आणून देईल.

बास झालं. माझ्या थोरल्या मादीचं वय झालं, तिला मी आता जोडी लावणार नाही. धाकटीचे एक्स-रे चांगले आले आहेत, डोळ्यांचा अहवाल यायचाय. तो बरा आला आणि ती माजावर आली, तर दिवाळीनंतर जोडी, त्यानंतर साधारण त्रेसष्ट दिवस, वर आठ आठवडे. हिशोब तुमचा तुम्ही करा. आधीच सहा नावं यादीत आहेत.

तोवर या. फोन करून या, रविवारी चारनंतर, पोरांना आणि आजींनाही घेऊन या. पिल्लं नाहीत. धाकटी आहे, ती अंगणात असते. अर्धा तास तिच्याजवळ बसा, चहा मी करीन. भाव तेव्हा बोलू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कुत्रेवाल्या मॅडम
(जि. सातारा)

ता. क. ज्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं त्यांना मी नुसता पूर्णविराम पाठवला आहे. गैरसमज नसावा.